टेबलाची कड

माझ्या टेबलासमोर बसणारं प्रत्येक गिऱ्हाईक एक वाक्य हमखास बोलतं. दुकानाची पाटी असो, वकिलाचं कार्ड असो नाहीतर दातांच्या डॉक्टरांचं लेटरहेड असो, सगळं पसंत पडतं, माना डोलावून होतात आणि उठता उठता तो प्रश्न येतोच. "छान झालंय, फक्त नाव जरा मोठं करता येईल का?" मी नाही म्हणते. आधी समजावून नाही म्हणते, मग आवाज चढवून नाही म्हणते. त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकं कायमची गेली. गेली तर गेली. माझ्याकडे माझी आत्या राहते. ती म्हणते, राग असा सदानकदा नाकावर घेऊन बसलीस तर चष्म्याला जागा उरायची नाही.

म्हणून चिंगी पहिल्यांदा आली आणि तिने विचारलं, "ताई, नाव नाहीच घातलं तर चालेल का?" तेव्हा मी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं.

पंचेचाळिशीची, चणीने लहान, कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. चिंगी हे नाव घरात पडलं ते गल्लीभर झालं, आणि तिनेही मला तेच सांगून टाकलं होतं.

"फोटोग्राफर म्हणून स्वतःची ओळख तयार करून हवी, असं फोनवर तुम्हीच म्हणालात ना? कार्ड, लोगो, वेबसाइट. मग नाव नको कसं?"

"अहो जाहो नका करू. हवंय सगळं, पण आमच्याकडे फोटोवर नाव घालत नाहीत."

आमच्याकडे म्हणजे तिच्या वडिलांनी काढलेल्या स्टुडिओत. तिथे फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का बसायचा, बस्स. बटण कोणी दाबलं ते विचारायचं नाही. फोटो दुकानाचा आणि आपणही दुकानाचे, असं वडील म्हणायचे. ते गेल्यावर दुकान थोरल्या भावाने सांभाळलं आणि दुकानाबरोबर हा नियमही सांभाळला. दोघं भावंडं इतकी वर्षं फोटो काढत आली, पण दोघांपैकी एकाचंही नाव एकाही फोटोखाली कधी छापलं गेलं नव्हतं.

आता अडचण अशी झाली होती, की शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला आपल्या सगळ्या माणसांचे फोटो भिंतींवर लावायचे होते. झाडलोट करणाऱ्या बायकांपासून सर्जनपर्यंत सगळ्यांचे, पुरुषभर उंचीचे, लांबच्या लांब व्हरांड्यात. हे काम त्यांना एका माणसाला द्यायचं होतं, दुकानाला नाही. ज्याला करायचं असेल त्याने आपली वेबसाइट पाठवावी, आपलं काम दाखवावं. चिंगीला ते काम हवं होतं. किती हवं होतं ते तिने सांगितलं नाही, पण बोलता बोलता ती खुर्चीच्या अगदी टोकाला आली होती.

"आणि नाही मिळालं तर?"

"तर आहेतच की पासपोर्टचे फोटो. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका." ती स्वतः मात्र हसली. "ताई, माणसांना हसू नका म्हणून सांगायचा कंटाळा आला हो मला."

मला ती आवडली. मी कामाला हो म्हटलं आणि लगेच हुकूम सोडला, "आण मग तुझं काम. आजवरचे उत्तम फोटो काढून आण. त्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही."

तिचा चेहरा पडला. फोटो दुकानात होते. ते आपले म्हणून दाखवायचे तर दादाला विचारायला हवं होतं.

"मग विचार."

"तो नाही म्हणणार नाही. तो म्हणेल, कुठले तुझे ते सांग. मी एकावर बोट ठेवीन, तो म्हणेल, अगं हा तर मी काढलाय. मग शब्दाला शब्द लागेल. आम्ही आजवर भांडलो नाही, ताई. भांडून ते फोटो घ्यायचे असतील तर मला ते रुग्णालयाचं कामच नको." आणि ती खरोखरच उठायला लागली.

मी तिला चांगलं झापलं. इतकी वर्षं राबायचं आणि हक्क सांगायची वेळ आली की पिशवी उचलायची, हे मला बघवत नाही. ती सगळं ऐकून घेत उभी राहिली. शेवटी मीच म्हटलं, "तू कशावर बोट ठेवू नकोस. मी येते दुकानात आणि मी निवडते. मला दोघांशीही काही देणंघेणं नाही."

जाताना तिने कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरला. त्यात मी होते. आम्ही बोलत असताना तिने केव्हातरी कॅमेरा पिशवीतून काढून मांडीवर ठेवला होता आणि खालच्या खाली फोटो घेतले होते. मला पत्ताच नाही. माझे फोटो एरवी भांडायला निघाल्यासारखे येतात. या फोटोत चष्मा हातात घेऊन मी कुणाचं तरी मनापासून ऐकत होते.

"कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस आवळून बसतो," ती म्हणाली. "मांडीवर असला की विसरतो. बाबांचा जुना कॅमेरा होता, त्यात वरून वाकून बघायचं. त्याच्यावरच हात बसला, ती सवय राहिली. नाही आवडला तर पुसून टाकते हं."

"हात लावू नकोस त्याला," मी म्हटलं.

दुकान जुन्या बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे काउंटर, आत पांढरा पडदा आणि फिरतं स्टूल, त्याच्याही मागे खिडकीची एक खोली, तिथे टेबल आणि फोटोंचे खण. दादा चांगलेच उंच होते. मधल्या दारातून जाताना मान झुकवायची त्यांची सवय इतकी मुरलेली की उघड्यावरसुद्धा ते किंचित वाकून चालायचे. मी कंबर कसून गेले होते, पण भांडायला माणूसच मिळाला नाही. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"बाहेरच्या माणसाने निवडलेलं बरंच," ते म्हणाले. "तुम्हाला जे तिचे वाटतील ते तिने खुशाल आपले म्हणून न्यावेत. फक्त चिंगे, तू काउंटरवर थांब. तुझ्या चेहऱ्यावरून यांना सगळं कळेल."

चिंगी मुकाट्याने पुढे गेली. दादांनी खणातून मोठे फोटो काढून टेबलावर ठेवले, वर्षानुवर्षं निवडून बाजूला ठेवलेले, दोघांचेही. माणसांचेच सगळे. बेकरीवाला, शिंपी, घड्याळं दुरुस्त करणारा, शाळेचा शिपाई, अंथरुणावरची एक आजारी बाई. मग हाताची घडी घालून ते खिडकीशी उभे राहिले.

मला वाटलं होतं, चहा निवायच्या आत काम उरकेल. इतकी वर्षं माणसांची अक्षरं आणि आवडीनिवडी बघतेय, दोन माणसांची नजर वेगळी काढायला असा किती वेळ लागणार? लागला. उजेड दोघांचा सारखा. खिडकीजवळ बसवायची तऱ्हा सारखी. घाई कुणालाच नाही. एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले हात ते, काही केल्या वेगळे होईनात. चहा कधीच गार झाला.

"नाही ना कळत?" दादा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "आम्हालाही कधीकधी नाही कळत."

हे म्हणताना त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि माझा त्यांच्यावरचा उरलासुरला राग तिथेच गेला. या माणसाला फोटो अडवून धरायचे नव्हते. फोटो वेगळे निघाले नाहीत तर बहीण जाणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. मला त्यांची दया आली, आणि तरीही मी हरायला तयार नव्हते.

समोर शिंप्याचा फोटो होता. कापडावर टेकलेली कात्री, खडू, टेप, टेबलाचा सबंध पृष्ठभाग दिसत होता. त्याच्या शेजारी घड्याळवाला. त्याच्याही पुढे टेबलच होतं, पण त्याचा पृष्ठभाग दिसतच नव्हता. दिसत होती नुसती कड, एक सरळ रेघ, आणि त्या रेघेवर उघडलेली घड्याळं ओळीने उभी होती. मी दोन्ही फोटो हातात घेतले आणि मला माझा स्वतःचा फोटो आठवला. मांडीवरचा.

दादा उंच. ते उभे राहतात, कॅमेरा डोळ्याला लावतात. त्यांना टेबल वरून दिसतं, टोपीचा माथा दिसतो. चिंगी माणसासमोर बसते, कॅमेरा मांडीवर ठेवते. तिला टेबलाची कड दिसते. एवढंच होतं. मग मी माणसांकडे बघणंच सोडलं. टेबल बघितलं, टेबल नसेल तिथे पलंग, पलंग नसेल तिथे खिडकीचा कठडा, आणि बघता बघता दोन गठ्ठे झाले. डावा दादांचा, उजवा चिंगीचा. उजव्यात सगळ्यात वर मी ठेवला तो मला सर्वांत आवडलेला फोटो. त्यात चेहरा नव्हताच, नुसते हात होते, मटार सोलणारे. टेबलाची कड आरपार सरळ गेलेली, आणि एक दाणा घरंगळत त्या कडेपर्यंत आलेला. तो खाली पडू नये म्हणून एका करंगळीने त्याला अडवलं होतं.

टेबलाची गोष्ट मी दादांना सांगितली. ते जवळ आले, दोन्ही गठ्ठे सावकाश चाळले. एक-दोन फोटो त्यांनी डावीकडचे उजवीकडे केले, एक उजवीकडचा उचलून आपल्यात घेतला. मग मटारांचा फोटो हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. तो त्यांनी पुन्हा चिंगीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि गठ्ठ्याच्या चारी बाजू हाताने ठोकून सारख्या केल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घेऊन जा. मला आपलं वाटायचं, मी नुसता उंच आहे."

तो गठ्ठा मी काखोटीला मारून थेट माझ्याकडे आणला. अर्धंमुर्धं काम मी कुणाला दाखवत नाही, तेव्हा चिंगीला बजावून ठेवलं, मी बोलावल्याशिवाय फोटोंबद्दल विचारायचं नाही. ती बिचारी येई ती रुग्णालयाची पत्रं घेऊन, नाहीतर उगीचच. चहा करी, कप माझ्यापुढे ठेवी, आत्याशी गप्पा मारी आणि जाई.

माझ्याकडे लोगोची परीक्षा आत्या घेते. कागद समोरच्या भिंतीवर टाचायचा आणि तिने चष्मा न लावता पलंगावरून बघायचं. कॅमेऱ्याच्या भिंगाचं चित्र तिने बटण म्हणून उडवलं. नावाचं पहिलं अक्षर वळवून वळवून केलं होतं, त्याला ती घसरगुंडी म्हणाली. मग एका सकाळी मी सगळं खोडलं आणि कार्डावर खालच्या अंगाला एक आडवी रेघ मारली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघेवर चिंगीचं नाव, आडनावासकट, बारीक अक्षरात, टेबलावर एखादी वस्तू ठेवावी तसं.

"एवढी एक रेघ ओढायला इतके दिवस?" आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "राहू दे पण. बरी वाटतेय. तिच्यावर काहीतरी ठेवावंसं वाटतंय."

मी हवेत होते. वेबसाइटच्या प्रत्येक पानावर तीच रेघ, आणि प्रत्येक फोटो असा बसवलेला की त्यातली टेबलाची कड त्या रेघेला जाऊन मिळावी. पहिल्या पानावर मटारांचा फोटो. करंगळीने अडवलेला दाणा नेमका रेघेवर. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. सोमवारी साइट रुग्णालयाकडे पाठवायची होती, म्हणून शनिवारी दुपारी मी चिंगीला बोलावलं.

ती आली, तिने पहिलं पान बघितलं आणि गप्प झाली. कौतुकाने बोलती बंद झाली असेल असं समजून मी थांबले. 

"अगं, बोल काहीतरी."

"ताई, हा माझा नाही."

"तुझा कसा नाही? टेबलाची कड बघ."

"कड बरोबर आहे. पण हा मी नाही काढलेला." तिने आपला हात कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी टेबलावर ठेवला. करंगळी बाहेरच्या बाजूला किंचित वाकडी. "हे माझे हात आहेत."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. जगभरच्या टेबलांच्या कडा ओळखल्या मी, आणि ज्या हातांनी रोज माझ्यापुढे चहा ठेवला ते ओळखता आले नाहीत. आत्या पलंगावरून म्हणाली, "मी सांगत होते, डोळे तपासून घे."

"मी मागच्या खोलीत बसून भाजी निवडते कधीकधी," चिंगी हळूच म्हणाली. "तिथे दादाशिवाय कुणी येत नाही. मी बघितलासुद्धा नव्हता हा फोटो. आणि एवढ्या खालून काढायचा म्हणजे, ताई, त्याला फरशीवर बसावं लागलं असणार." तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

तेव्हा मी तिला सांगितलं, की दादांनी चुकलेले फोटो निवडून इकडचे तिकडे केले होते, आणि हा एक हातात घेऊन, नीट बघून, परत तिच्या गठ्ठ्यावर ठेवला होता. ते ऐकल्यावर ती थांबलीच नाही. पहिल्या पानाची छापील प्रत तिने हातात घेतली आणि निघाली. मीही चपला अडकवून मागोमाग गेले.

दादा आत कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो काढत होते. हनुवटी वर, कान दिसू द्या. ते गिऱ्हाईक जाईपर्यंत आम्ही दोघी काउंटरला टेकून उभ्या राहिलो. मग चिंगीने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"दादा, हा तू काढलायस."

"हो."

"मग यांना सांगितलं का नाहीस?"

दादांनी खिशातून फडकं काढलं आणि कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. "यांनी तो तुझ्या गठ्ठ्यात ठेवला. म्हटलं, म्हणजे जमला की."

चिंगीने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

"तू कसं बघतेस ते एकदा बघायचं होतं," ते काच पुसत सांगत होते. "गाणं ऐकत सोलत बसली होतीस, वर बघितलंसुद्धा नाहीस. खाली बसलो, कॅमेरा मांडीवर घेतला. उठताना मात्र टेबल धरावं लागलं."

"परत का नाही काढलास तसा?"

"गुडघे आहेत ना." मग त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "यांनी नेमका तोच वर ठेवला तेव्हा वाटलं, जाऊ दे तुझ्याबरोबर. तू निघालीस, चिंगे. मी तुला थांबवणार नाही. पण मला वाईट वाटतंय, ते मी काय लपवू? म्हटलं, तुझ्या तिथे आपलं काहीतरी असू दे."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी पाठ वळवून खिडकीतले नमुन्याचे फोटो बघत बसले, कारण मलाही रडू येत होतं आणि माझं तिथे काही नातं नव्हतं.

"असू दे म्हणजे असणारच," चिंगी म्हणाली. "पण माझा म्हणून नाही. तुझा म्हणून. खाली तुझं नाव घालून."

"वेडी आहेस का? बाबांचा नियम..."

"तो दुकानाचा नियम आहे, दादा. हे दुकान नाही. हे माझं आहे."

माझं हा शब्द तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दादांनीही बहुधा पहिल्यांदाच. ते तिच्याकडे बघत राहिले, मग "बरं बाई, बरं," एवढंच म्हणाले.

सोमवारी साइट गेली, आणि पुढे ते व्हरांड्याचं काम चिंगीलाच मिळालं. पण दादा आले ते त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुकान बंद ठेवून. सकाळी बसून मी पहिल्या पानावर घड्याळवाला आणला होता. चिंगीची माहिती देणाऱ्या पानावर, जिथे बाकीचे फोटोग्राफर आपला चेहरा लावतात, तिथे मटार सोलणारे हात लावले. त्याखाली, रेघेच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. छायाचित्र, आणि पुढे दादांचं पूर्ण नाव.

दादा माझ्या दारातून वाकून आत आले. खुर्ची पुढे ओढून बसले, चष्मा लावला. चिंगी त्यांच्या मागे उभी होती. आत्या पलंगावरून उठून दाराशी आली होती. दादांनी फोटो बघितला, मग खालची ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली. हयातभर फोटो काढले या माणसाने, आणि फोटोखाली स्वतःचं नाव तो आज बघत होता. 

"छान झालंय," ते म्हणाले. खाकरले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "फक्त नाव जरा मोठं करता येईल का?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. चिंगी फरशीकडे बघायला लागली.

"करता येईल की," मी म्हटलं, आणि केलं.